उतारावरची जागा

"स्टार्टर मिळेल, पण भंगारातलाच," मेकॅनिक म्हणाला. "ही गाडी आता बनत नाही, काका."

गाडी बावीस वर्षांची होती. मंगळवारी आणि शुक्रवारी बायकोला डायलिसिसला न्यायचं, म्हणून ती चालू राहायलाच हवी होती. स्टार्टर दगा द्यायचा, म्हणून केंद्रासमोर मी ती उतारावर लावत असे. शेजारी खांबेट्यांची तसलीच पांढरी गाडी असायची, आणि त्यांचीही बायको आत. "आज मी तुम्हाला ढकलतो, शुक्रवारी तुम्ही मला," ते हसून म्हणायचे. दोन महिने ते दिसले नव्हते. फोन करावासा वाटे, पण काय बोलायचं ते सुचत नसे. त्यांनी नवी गाडी घेतली असेल, वार बदलला असेल, असं मी ठरवून टाकलं होतं.

भंगारवाल्याच्या आवारात खांबेट्यांची गाडी उभी होती. चाकं काढलेली, मागच्या सीटवर तीच फुलाफुलांची उशी.

"चालू गाडी दिली हो त्यांनी," भंगारवाला म्हणाला. "स्टार्टर नुकताच दुरुस्त करून घेतला होता. बायको गेली, तर म्हणाले, आता कुठे जायचंय."

त्याने स्टार्टर काढेपर्यंत मी तिकडे पाठ करून उभा राहिलो.

शुक्रवारी गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली, तरी मी ती सवयीने उतारावरच लावली. शेजारची रिकामी जागा बघून बायकोने विचारलं, "खांबेटे भाऊजींचं काही कळलं का हो?"

"नवी गाडी घेतली म्हणे."

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं.

"आपण नको हं घ्यायला," सावकाश उतरत ती म्हणाली. "मला ही पुरेल."