काटा खोटं बोलत नाही

पाचव्यांदा सेवकराम मिस्त्रीने इंजिनाच्या नळ्यांवर साबणाचं पाणी लावलं आणि पाचव्यांदा एकही बुडबुडा आला नाही.

त्याने खिशातली वही काढली, 'नळ्या' या शब्दापुढे पाचवी खूण केली आणि पेन्सिल कानावर ठेवली. इंजिनाचा एकेक भाग त्या वहीत होता. खुणांनी पान भरत आलं होतं. गाडी होती तिथेच होती.

गाडी विलायती, लाल, दोन दारांची, दहा वर्षं जुनी. तुमसरच्या तांदूळ गिरणीचा तरुण मालक केवळराम याने ती शहाऐंशीच्या दिवाळीत मुंबईहून आणली होती. तिच्यात टर्बो होता. म्हणजे इंजिनाच्याच धुरावर गरगरणारा पंखा, जो हवा दाबून इंजिनात कोंबतो. दाब फार झाला तर धूर बाहेर सोडायला एक छोटं दार, आणि ते दार मिटून धरायला एक स्प्रिंग. दार वेळेवर उघडलं नाही तर इंजिन फुटतं, एवढं सेवकरामला पुस्तकातल्या चित्रांवरून कळलं होतं.

दाब किती, ते सांगायला चालवणाऱ्यासमोर एक काटा, त्याला मागून आलेली एक बारीक रबरी नळी. दिवाळीत तो आठवर जायचा. होळीचा रंग धुऊन घरचा ड्रायव्हर गुलाब याने गाडी आणून उभी केली, तेव्हापासून तो चारच्या वर हलत नव्हता.

केवळरामचा सगळा जीव त्या काट्यात. समोरच्या रस्त्याकडे तो कमीच पाही. काटा चढेना म्हटल्यावर त्याचा पायही ढिला पडायचा आणि लाल गाडी गिरणीच्या ट्रकमागे मुकाट चालायची.

"शनिवारपर्यंत काटा आठवर नाही गेला तं गाडी मुंबईले परत," तो म्हणाला. "अन् मिस्त्री, हे टिनाचं शेड माह्या जागेवर आहे, हे बी ध्यानात ठेवा."

बावीस वर्षं सेवकराम त्या शेडमध्ये होता. गिरण्यांची इंजिनं, ट्रॅक्टर, पाण्याचे पंप, कोणी त्याला नाव ठेवलं नव्हतं. त्याचा भरवसा एकाच गोष्टीवर. "माणूस खोटं बोलते, काटा नाही," असं तो म्हणायचा, आणि नेमकं बायको गिरजाबाई डबा घेऊन आली की म्हणायचा.

गुरुवारी केवळरामची आई, सुलोचनाबाई, स्वतः आली. गोधडी शिवता शिवता उठून आली असावी. पदराला सुई तशीच टोचलेली होती. तिचा नवरा मोहाडीच्या वळणावर जीपच्या अपघातात गेला, त्याला सहा वर्षं झाली होती. मागे छत्री धरून गुलाब.

"होत नाही का मिस्त्री?"

"होऊन राहिलं बाई."

"नसन होत तं राहू द्या ना. जाऊ द्या गाडी मुंबईले. शेडचं मी पाहून घेईन. तुमाले कोणी हात लावणार नाही."

"असं काहून म्हणता बाई? तीस वर्षांचा हात आहे माहा."

"हातालेच म्हणून राहिली मी. आराम द्या त्याले."

गुलाब छत्रीआड हसला. सेवकरामला ते झोंबलं. शेड गेलं असतं तर त्याने दुसरीकडे टाकलं असतं; पण बाईच्या दयेवर टिकलेल्या शेडात बसून उद्या कोणाच्या ट्रॅक्टरला हात लावायचा?

शुक्रवारी गुलाब बाईंसोबत अड्याळला गेला होता. सेवकराम एकटाच होता. नळ्या ठीक, पंखा ठीक, दार ठीक. तरी दाब चार. मग दारच लवकर उघडत असणार. त्याने स्प्रिंगखाली एक वायसर, लोखंडाची पातळ चकती, टाकला, म्हणजे दार जास्त वेळ मिटून राहील. गाडी मोहाडीच्या रस्त्याने पळवून आणली. काटा पाचवर.

पान खाऊन त्याने दुसरा टाकला. साडेपाच. तिसरा, साडेसहा. चौथा, सव्वासात.

पाचव्याला त्याची टोपी उडून मागच्या सीटवर पडली. पाठ सीटला चिकटली. समोरचा ट्रक नुसता दिसला, तोवर मागे गेला होता. इंजिनातून तव्यावर फुटाणे तडतडावे तसा आवाज आला. खडी उडत असेल, सेवकरामने मनाशी म्हटलं, आणि काट्याकडे पाहिलं.

काटा आठवर होता.

शेडमध्ये येऊन त्याने वहीत शेवटची खूण केली आणि डबा घेऊन आलेल्या गिरजाबाईला चहा करायला सांगितलं. ती तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्याच्याकडे पाहून हसली.

शनिवारी दुपारी केवळराम एक चक्कर मारून आला. खाली उतरला नाही. खिडकीतूनच त्याने सेवकरामचा काळा हात हातात घेतला.

"मिस्त्री, जादू केली तुम्ही! शेड तुमचं. भंडाऱ्याले जाऊन पेढे घेऊन येतो. चहा उकळेपर्यंत परत!"

आणि गेला. धूळ खाली बसायला वेळ लागला.

ती बसते न बसते तोच सुलोचनाबाई आली, जवळजवळ धावत. मागे गुलाब, छत्री न उघडलेली.

"गाडी कुठं आहे?"

"भंडाऱ्याले गेली बाई," सेवकराम म्हणाला. त्याने खुर्ची पुसली. "झालं काम. काटा आठवर!"

ती बसली नाही. ती गुलाबकडे वळली.

"तू तं म्हणला होता का हा बिघाड कोणालेच सापडणार नाही म्हणून?"

सेवकरामने दोघांकडे पाहिलं. तीन आठवड्यांचं कोडं त्याला एका क्षणात सुटलं. राग यायला हवा होता, पण आधी अभिमानच आला.

"तुम्हीच केला होता तं! सापडला नाही बाई, खरं सांगतो. पण पाच वायसर टाकून पार जिरवला म्या त्याले. दार आता उघडतच नाही."

गुलाबच्या हातातली छत्री खाली पडली.

"वायसर कायले टाकले मिस्त्री?" तो म्हणाला. "गाडीत बिघाड नव्हताच, दाब पहिल्यापासून आठच होता. बाईची सुई म्या काट्याच्या नळीले टोचली होती."