वापस आलो

जानेवारीत आम्ही दोघं पाठीवर सॅक घेऊन आइसलँड फिरलो. तिथे एका हिमनदीवर भांडण झालं. ऋषी तरातरा पुढे निघून गेला आणि मी चाळीस मिनिटं बर्फात एकटी उभी राहिले. त्याने हे आजवर कबूल केलेलं नाही.

काल दुपारी कन्हानहून त्याची मावशी आली. बाहेर चव्वेचाळीस अंश होते. मावशी विळीवर कैऱ्या चिरत होती. मी तिला हिमनदीवरचं ते भांडण सांगितलं.

"हिले सोडून जाईन का मी, मावशी?" ऋषी हसला. "लगेच वापस आलो ना."

शेवटच्या वाक्याबरोबर त्याच्या तोंडातून पांढरी वाफ निघाली.

मी भिंतीवरचा तापमापक पाहिला. कूलर चालू असूनही अडतीस. एवढ्या गरम हवेत श्वास दिसत नाही.

"पुन्हा बोल," मी म्हणाले.

"काहून चिडून राहिली वं?" काहीच दिसलं नाही. "वापस आलो होतो मी." पुन्हा वाफ.

माझा ताबा सुटला. "खोटं बोलून राहिला तू! तू आलाच नाही. मी एकटीच चालत वापस आली!"

मावशीचा हात विळीवरच थांबला. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

माझ्या शेवटच्या वाक्याची वाफ ओठांसमोर तरंगत होती.