तिच्या केसांतला धूर

डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि बायकोला विचारलं, “किती वर्षं ओढताय?” “सिगारेट कधी ओठालाही लावली नाही,” ती म्हणाली. माझ्या मनात पाल चुकचुकली. तिच्या केसांना रोज धुराचा वास यायचा, आणि घरात तर कुणीच ओढत नव्हतं. दुसऱ्या दिवशी खोकल्याचं औषध द्यायच्या निमित्ताने मी तिच्या छापखान्यात गेलो, खरं तर चोरी पकडायला. प्रूफं तपासायच्या खोलीचं दार ढकललं, तर आधी नुसता धूरच दिसला. खिडकी बंद, तिघे सहकारी झुरके मारताहेत, आणि मधल्या टेबलाशी नाकाला रुमाल लावून ती चुका शोधतेय. “या, या!” साहेबांनी पाकीट पुढे केलं. “वहिनी कधी घेत नाहीत, तुम्ही तरी घ्या!” मी तिचा हात धरून तिला बाहेर आणलं. “औषध द्यायला आलात, की वास घ्यायला?” तिने विचारलं.