मस्कतची गाडी

शिवांजलीला पूर्वी मागणी घालून गेलेला बालाजी मस्कतहून गाडी घेऊन आला. तिकडं वाहनं उजवीकडून चालतात, म्हणून हेडलाइटचा झोत उजवीकडं चढायचा. नळदुर्गच्या हायवेवर समोरच्याचे डोळे दिपले असते.

"तेवढा खाली बसवा, योगीराजशेठ," म्हणत तो शिवांजलीच्या गॅरेजवाल्या नवऱ्याकडं चावी देऊन सोलापूरला गेला.

दिवेलागणीला योगीराजनं गॅरेजच्या भिंतीवर झोत पाडला. तो उजव्या दारात उभ्या बायकोच्या तोंडावर चढला.

"हसतीस कुणाला?"

"कुठं हसतीय? उजेड डोळ्यावर यालाय की वो."

त्यानं हेडलाइटच्या काचेवर काळी पट्टी चिकटवली. झोत हलला नाही. त्यानं दोन्ही काचा झाकल्या, शेवटी बॅटरीची वायरच उपसली.

गॅरेज अंधारलं. शिवांजलीचं तोंड तेवढं उजळलेलंच राहिलं. रिकाम्या गाडीकडं बघत ती लाजून म्हणाली, "बास करा की आता. हे बघायलेत."