डोकेदुखीचं कारण

हिंगणीचा गोमाजी शिंपी डोकं दुखायला लागलं की बायकोला, सुंदराला, मारायचा. कधी हाताने, कधी कापड मोजायच्या गजाने. एकदा तर कात्रीच फेकली. शेजारच्या रामबाईने विचारलं की सुंदरा म्हणायची, "मनाचे वाईट नाईत ते. डोकं ठणकलं का भान राह्यत नाई त्यायले."

मार खाऊन वर काळजीही तिलाच. डोक्यात गाठ तर नसेल? कुणी करणी तर केली नसेल? सुंठीचा लेप झाला, अंगारा झाला. शेवटी पहिल्या निवडणुकीच्या साली तिने हट्टाने त्याला वर्ध्याच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "काही नाही, नजर कमजोर आहे. चष्मा लावा."

चष्मा आला आणि पंधरा दिवसांत दुखणं पार गेलं. सुंदराने मारुतीपुढे नारळ फोडला.

त्याच संध्याकाळी, चष्मा नाकावर नीट बसवून, गोमाजीने गज उचलला.

सकाळी विहिरीवर तिचा सुजलेला डोळा आणि फाटलेला ओठ पाहून रामबाईने घागर खाली ठेवली. "काऊन वो, पुन्हा दुखलं का त्याचं डोकं?"


"नाई वो बाई," सुंदरा म्हणाली, "डोकं आता साफ बरं हाये त्यायचं."