भिरभिऱ्याची तपासणी

“फुंकत राहा, थांबायचं नाही,” डॉक्टर नाईकवाडी म्हणाल्या. आठ वर्षांची शाल्मली कागदी भिरभिऱ्यावर जोरजोरात फुंकर मारत होती. तिच्या वडिलांना, विलास गुरुजींना वाटलं, रजा टाकून आलो ते हा खेळ बघायला.

शाळेत तिचा वर्ग त्यांच्याकडेच होता. बोलता बोलता ती मध्येच गप्प व्हायची, विचारलेलं कानावर घ्यायची नाही. गुरुजी पोरीला पाठीशी घालतात असं कुणी म्हणू नये, म्हणून इतरांना एक शिक्षा तर तिला दोन मिळायच्या.

दोन मिनिटांनी भिरभिरं थांबलं. शाल्मलीची नजर शून्यात लागली, पापण्या फडफडल्या.

“पडवळ,” डॉक्टर तिच्या कानाशी म्हणाल्या. दहा सेकंदांनी ती पुन्हा फुंकू लागली.

“मी आत्ता कुठल्या भाजीचं नाव घेतलं गं?”

“भाजी? कधी?”

डॉक्टर गुरुजींकडे वळल्या. “हिला आत्ता आली ती फिट होती. असं जोरात श्वास घेत फुंकत राहिलं की ती येते. अंगाला झटके येत नाहीत, म्हणून कुणाच्या ध्यानात येत नाही. मेंदूचा आलेख काढून खात्री करू. गोळ्यांनी बहुतेक मुलं बरी होतात.”

वर्षभर जे गुरुजींना पोरीचं नाटक वाटलं होतं, ते या बाईंनी कागदाच्या खेळण्यानं उलगडून दाखवलं होतं. त्यांनी नकळत हात जोडले.

“म्हणजे मी मुद्दाम करत नव्हते?” शाल्मलीनं डॉक्टरांना विचारलं.

उत्तर गुरुजींनीच दिलं. “नव्हतीस, बाळा. उद्या वर्गातही मी हेच सांगणार आहे.”