झाकणातली थरथर

शेवटी वैजनाथने ते झाकण पुसून कोरं केलं. पण ते झालंच नाही, असं धरून चालू.

मातृदुग्धपेढीतल्या जुन्या बाटल्यांची सेन्सरवाली झाकणं कोरी करायचं काम त्याच्याकडे होतं. दुधाला वाटेत किती हिसके बसले, ते ही झाकणं थरथरीवरून टिपत. दूध काढताना बाई बोलली, तर तीही थरथरच. तीस वर्षांपूर्वी सातव्या महिन्यात जन्मलेला वैजनाथ याच पेढीच्या दुधावर जगला होता. आज त्याला पाजलेल्या बाटलीचं, त्याच्याच नोंदणी-नंबरचं झाकण हाती आलं.

"यातला आवाज लावू का रे?" शेजारच्या टेबलावरच्या नसीमताई म्हणाल्या. "नियमात बसत नाही, पण नियम जेवायला गेलाय."

झाकणातून कुकरची शिट्टी आली. मागोमाग एक बाई: "अहो, गॅस बंद करा, माझे हात गुंतलेत! ...पी रे बाळा, कुणाचा का असेनास."

कधीही न पाहिलेल्या त्या स्वयंपाकघराची वैजनाथला घरच्यासारखी आठवण आली. दात्रीची ओळख गुप्त, त्यामुळे आवाज संध्याकाळपर्यंत पुसायचाच होता. त्याने अर्ज लिहिला:

"महोदय, पुसण्यास हरकत नाही. मात्र तत्पूर्वी अर्जदाराचे वजन पूर्ववत एक किलो चारशे ग्रॅम करून त्यास सदर बाईंच्या मांडीवर पाच मिनिटे ठेवण्यात यावे, ही नम्र विनंती."